खिळीची सेवा

सज्जनहो, मॉडेल टी नावाची जुनी मोटार तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. फोर्डच्या कारखान्यातून १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटींवर निघाली. लाकडी आऱ्यांची चाकं, आपल्या बैलगाडीसारखी! आज हौशी मंडळी ती जपून चालवतात.

तिचं मागचं चाक कसं बसतं, ऐका. आसाचं टोक निमुळतं. त्यावर चाकाचा तुंबा, मध्ये लोखंडी चावी, बाहेरून नट. आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार एक कॉटर पिन. काडीएवढी हो! एवढी गाडी, एवढी माणसं, आणि राखण कुणाची? त्या काडीची.

ती पिन गळाली तर लगेच काही होत नाही. नट हळूहळू सैल होतो, चावी झिजते. गाडी पुढे-मागे घेताना ‘टक्’ वाजतं. गाडी सांगत असते, ऐकणारा हवा. नाही ऐकलं, तर एके दिवशी चाक निखळतं आणि गाडीच्याही पुढे पळत सुटतं. पाय ब्रेकवर जातो. पण या गाडीचा पायाचा ब्रेक चाकात नाही, गिअरच्या पेटीत आहे. त्याचा जोर आसामधूनच चाकांना पोचायचा. एक चाक गेलं की तिकडचा आस नुसताच फिरतो, ब्रेक लागतच नाही. चाक गेलं, त्याच घटकेला ब्रेकही गेला!

आता दशरथाच्या रथाकडे या. अध्यात्म रामायणातली कथा आहे. देवासुरांच्या युद्धात राजा लढतोय, रथात कैकेयी आहे. अक्षकील, म्हणजे आसाची खीळ, तुटून पडली. राजाला पत्ताच नाही! कैकेयीनं काय केलं? खिळीच्या भोकात आपला हात घातला. हूं नाही की चूं नाही. त्या घटकेला ती राणी नव्हती, रथाची खीळ झाली होती.

राजानं प्रसन्न होऊन दोन वर दिले. ती म्हणाली, तुमच्याकडेच असू द्या, ठेव म्हणून. गोम इथे आहे! ठेव म्हटली की हिशेब आला. पुढे मंथरेनं त्याच ठेवीची आठवण दिली, आणि ज्या हातानं रथाचं चाक सावरलं, त्याच हातानं अयोध्येची खीळ उपटली. राजानं किती विनवलं! पण आता ब्रेक कुठला लागायला? राम वनात गेला, राजानं प्राण सोडला.

तुमच्याही घरात कुणीतरी खीळ असतं. अंथरुणावरच्या सासूचं सगळं करणारी सून, धाकट्यांसाठी शाळा सोडलेला थोरला भाऊ. तुम्ही स्वतः खीळ असाल, तर केलेल्या सेवेची ठेव माणसाकडे ठेवू नका; रोज रात्री रामाच्या पायाशी वाहा आणि मोकळे व्हा. आणि तुम्ही रथात बसलेले असाल, तर दशरथासारखे बेसावध राहू नका. ‘टक्’ ऐका. युद्ध संपायची वाट न पाहता आजच विचारा, “बाई गं, हात दुखतोय का?” तेवढं विचारणं हेसुद्धा रामाचंच भजन आहे.

बोला, रामकृष्ण हरी!