गाणे, ताटातूट आणि मागणीपत्र



परवा सातपूरला कामगारांच्या खोलीवर एक तरुण मोबाईलवर कोरियन विरहगीत पाहात होता. भाषा कळत नव्हती, पण चित्रांतली ताटातूट कळत होती. डोळे भरले होते. मी म्हणालो, "हे रडगाणे काय पाहतोस?" तो म्हणाला, "काका, बायको सुरगाण्याला आहे. इथलं भाडं परवडत नाही." मी खजील झालो.

अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड तर मला पाठ आहे! तिच्यातही गोष्टच आहे : पोटासाठी मुंबईला आलेला नवरा, मागे राहिलेली बायको. तेव्हा पडदा नव्हता. शाहीर अमर शेखांचा आवाजच चित्र उभे करी. पुढे हीच ताटातूट बेळगाव-कारवारच्या वियोगाला जाऊन मिळते. १९६० साली मुंबई मिळाली. तो सीमाभाग राहिला.

आम्ही पगाराचे आकडे मांडतो. ते मांडलेच पाहिजेत. पण भाड्यापायी दुभंगलेला संसार आमच्या मागणीपत्रात कुठे आहे? अश्रूंना हसणारी संघटना माणसे गमावते. पुढच्या मागणीपत्राचे पहिले कलम घरभाड्याचे असले पाहिजे.