परराज्यांतून घेतलेली मोटार



उल्हास नदीच्या काठीं वसलेल्या दहिवलींतहि दूरदूरच्या शहरांतील जुन्या मोटारींच्या जाहिराती आतां घरबसल्या वाचावयास मिळतात. समजा, येथील एका हौशी गृहस्थांनीं बंगळूरहून एक जुनी स्पोर्ट्‌स मोटार विकत घेतली. पैसे दिले, किल्ली हातीं आली, गाडी दाराशीं उभी राहिली. पण सरकारी दप्तरांत ती अद्याप दुसऱ्याचीच आहे.

हा भेद केवळ कागदी नव्हे. एक मोटार अनेक हातांतून गेली होती, परंतु दप्तरीं पहिल्याच मालकाचें नांव राहिलें होतें. पुढें अपघात झाला, तेव्हां भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं त्या नोंदलेल्या मालकावरच ठेविली. तेव्हां घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यानेंहि काळजी घ्यावयास हवी.

आतां रीत पाहूं. पहिली पायरी ना-हरकत दाखल्याची. २८ क्रमांकाचा नमुना भरून व त्यावर चेसिसच्या क्रमांकाचा पेन्सिलीनें उमटविलेला ठसा घेऊन हा दाखला मूळ कार्यालयाकडे मागावयाचा असतो. कर थकलेला नाहीं आणि गाडी चोरीची नाहीं, याची खातरजमा यांत होते. म्हणून दाखला हातीं येण्यापूर्वीं सर्व रक्कम देऊं नये. गाडीवर कर्ज असल्यास तें फिटल्याचा ३५ क्रमांकाचा नमुनाहि बँकेकडून घ्यावा.

दुसरी पायरी मालकी बदलण्याची. तिचे नमुने २९ व ३०. कर्जत व खालापूर तालुक्यांचें हें काम पनवेलच्या परिवहन कार्यालयांत चालतें. तिसरी पायरी नव्या क्रमांकाची. तिचा नमुना २७. येथें गाडीची किंमत व वय पाहून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. स्पोर्ट्‌स मोटारीवर तो बराच भारी पडतो. पहिल्या राज्यांत भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग मागून परत मागतां येतो. पण आधीं पदरचे पैसे घालावे लागतात.

‘नोंदणीस बारा महिने आहेत’ असें पुष्कळजण सांगतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील ती मुदत नव्या क्रमांकापुरती आहे. मालकी बदलल्याची वर्दी घेणाऱ्यानें तीस दिवसांत द्यावयाची असते, आणि विमा आपल्या नांवें करण्यासाठीं चौदा दिवसांतच अर्ज करावयाचा असतो.

मे २०२४ मध्यें पुण्यास एका पोर्शे मोटारीखालीं दोन तरुण जीव गेले. ती मोटार बंगळूरहून आलेली, नवी, पण कायम नोंदणी न झालेली होती. अवघी १,७५८ रुपयांची फी भरावयाची राहिली होती. फी भरल्यानें अपघात टळला असता असें नव्हे. परंतु अशी गाडी रस्त्यावर आणावयासच नको होती.

म्हणून सौदा ठरविण्यापूर्वीं पनवेलच्या कार्यालयांत कराचा आंकडा विचारावा, तो किंमतींत मिळवावा, आणि मगच गाडी परवडते कीं नाहीं तें ठरवावें.