खाणीतल्या पाण्यात पहिली बुडी



इंग्लंडच्या जवळजवळ मध्यावर, जिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच पडतो, तिथे डायव्हिंगचं एक फार गजबजलेलं ठिकाण आहे. लेस्टर शहराच्या नैर्ऋत्येला, मोटारीने अर्ध्या तासावर, स्टोनी स्टँटन नावाचं गाव लागतं. गावाला लागून ग्रॅनाइटची जुनी दगडखाण आहे. एकोणिसाव्या शतकापासून तिथे दगड फोडला जात होता. जमिनीतले झरे खाणीत सतत पाझरायचे, त्यामुळे आधी पंपाने पाणी उपसायचं आणि मग दगड काढायचा, असा रोजचा क्रम. १९५८ साली खाण बंद झाली. पंप थांबले आणि पाणी चढत गेलं. खाणकामगारांनी दगड काढताना सोडलेले टप्पे आता पाण्याखाली आहेत: एक सहा-सात मीटरांवर, दुसरा विसेक मीटरांवर, आणि सगळ्यात खोल तळ साधारण ३५ मीटरांवर. या जागेला आज स्टोनी कोव्ह म्हणतात. उत्तर समुद्रात तेलाचा शोध सुरू झाला तेव्हा तिथे काम करणारे व्यावसायिक डायव्हर या खाणीत तयार झाले. आता सुटीच्या दिवशी हौशी मंडळींची तिथे रीघ लागते.

चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशातले लोक बुड्या मारायला खाणीत का येतात, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर तिकडच्या हवेत आहे. वारा उठला की बोट निघत नाही, भरती-ओहोटीची ओढ सांभाळावी लागते, आणि किनाऱ्यापर्यंत केलेला प्रवास पुष्कळदा वाया जातो. खाणीत लाट नाही, ओढ नाही, खोली मोजलेली आहे, आणि काठावर मदतीला माणसं आहेत. म्हणून ब्रिटनमधला नवखा डायव्हर पोहण्याच्या तलावातले धडे संपवून पहिल्यांदा खुल्या पाण्यात उतरतो तो बहुधा अशा खाणीतच.

आपल्याकडे तारकर्ली-मालवणला पुष्कळांनी स्कूबा केलेलं असतं. पण तिथे पर्यटकांना जी बुडी घडवतात, तिच्यात प्रशिक्षक तुमच्या टाकीला मागून धरून असतो. खाली किती जायचं, कधी थांबायचं, तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटात हवा किती भरायची, हे सगळं तो पाहतो. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. अभ्यासक्रम करून खाणीत उतरणाऱ्याला हे सगळं स्वतः करावं लागतं, आणि तेही थंड, हिरवट, गोड्या पाण्यात. लेस्टर किंवा मँचेस्टरला शिकणारे आणि तिथे नोकरी करणारे मराठी तरुण आता या छंदाकडे वळतात. त्यांच्या घरच्यांनाही पोरं नेमकं करतात काय, हे कळावं, म्हणून आज थोडं तपशिलात बोलतो.

पहिली गाठ थंडीशी. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. हिवाळ्यात या खाणींचं पाणी पाच-सहा अंशांवर असतं. उन्हाळ्यात वरचा थर अठरा-वीस अंशांपर्यंत तापतो, पण खाली उतरलं की एका ठिकाणी अचानक गारठा लागतो. कोमट पाणी हलकं म्हणून वर राहतं, थंड पाणी जड म्हणून खाली बसतं, आणि दोघांमध्ये एक पातळ सीमा तयार होते. डोकं कोमट पाण्यात आणि पाय गार पाण्यात, असं तिथे खरोखर होतं. त्या सीमेवर दोन घनतांचं पाणी मिसळत असल्याने समोरचं दृश्य थरथरतं. नवख्याला वाटतं, मास्क खराब झाला.

थंड पाण्यात एकदम शिरलं की माणूस नकळत हपापल्यासारखा श्वास ओढतो. हा धक्का पहिल्या एक-दोन मिनिटांत जोरात असतो आणि मग ओसरतो. त्यामुळे जाणते प्रशिक्षक नवख्याला घाईने खाली नेत नाहीत. काठाशी उथळ पाण्यात उभं राहून तोंडावर पाणी मारायचं, चेहरा बुडवायचा, टाकीतली हवा तोंडाशी पुरवणाऱ्या रेग्युलेटरमधून सावकाश श्वास घ्यायचा. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर फुंकायचा धडा तलावात सोपा वाटलेला असतो, पण सहा अंशांचं पाणी नाकाशी लागलं की तोच धडा नवा होतो. तो उथळ पाण्यातच उरकलेला बरा.

थंडीसाठी जाड पोशाख आला, आणि इथून वजनाची भानगड सुरू होते. मला विचाराल तर खाणीतल्या पहिल्या बुडीचा गाभा हाच आहे.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. समजा, डायव्हर आणि त्याचं सामान मिळून शंभर लिटर जागा व्यापतं. गोड्या पाण्यात त्याला शंभर किलोचा आधार मिळतो, समुद्रात एकशे अडीच किलोचा. म्हणजे त्याच सामानानिशी खाणीत उतरताना खाली जायला म्हणून कमरेला बांधलेलं शिसं अडीच किलो कमी करायला हवं. हे झालं सरळ गणित. पण तारकर्लीच्या कोमट पाण्यात अंगात पातळ सूट होता आणि इथे सात मिलिमीटरचा वेटसूट किंवा आत हवा धरणारा ड्रायसूट आहे. दोन्ही माणसाला वर ढकलतात, म्हणून शिसं उलट वाढवावं लागतं. एकाने घटवायचं, दुसऱ्याने वाढवायचं. कागदावर हिशेब करून याचा निकाल लागत नाही. पाण्यात उभं राहायचं, जाकिटातली सगळी हवा सोडायची, नेहमीसारखा श्वास भरून धरायचा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर माणूस हळूच खाली जाऊ लागला, तर वजन बरोबर. यात आणखी एक मेख आहे. टाकीतल्या हवेलाही वजन असतं. बारा लिटरची टाकी २०० बार दाबाने भरली की तिच्यात जवळजवळ तीन किलो हवा असते, आणि बुडी संपेपर्यंत त्यातली दोन-सव्वादोन किलो संपते. भरल्या टाकीने वजन बरोबर जुळवलं, तर शेवटी माणूस हलका होतो आणि थांबायचं तिथे थांबता येत नाही. म्हणून हा हिशेब आधीच धरायचा.

घाबरलेला नवखा आणि घाईतला प्रशिक्षक मिळून एक सोपा मार्ग काढतात: जास्तीचं शिसं लावायचं, म्हणजे माणूस खाली जातोच. जातो खरा. पण मग ते जास्तीचं वजन पेलायला जाकिटात जास्तीची हवा भरावी लागते, आणि ती हवा दर मीटरला फुगते किंवा आक्रसते. इथे दाबाचा नियम आडवा येतो. पाण्याच्या पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो, दहा मीटरांवर जवळजवळ दोन, वीसवर तीन, तीसवर चार. वीस ते तीस मीटरांमध्ये दाब तिनाचा चार होतो, पण पहिल्या दहा मीटरांत तो थेट दुप्पट होतो. वेटसूटच्या रबरातले बारीक बुडबुडे या पहिल्या टप्प्यातच निम्म्यावर येतात आणि माणूस भरभर बुडू लागतो. वर येताना तेच बुडबुडे आणि जाकिटातली हवा फुगते आणि माणूस बुचासारखा वर उसळतो. लोकांना वाटतं, खोल म्हणजे कठीण. तरंगणं सांभाळण्याच्या दृष्टीने पाहिलं तर उथळ पाणीच जास्त कसोटी घेतं. स्टोनी कोव्हच्या सहा मीटरांच्या टप्प्यावर, तळाला न टेकता आणि हातापायांची झटापट न करता दहा मिनिटं एका जागी राहून दाखवा, म्हणजे मी डायव्हर म्हणेन. खोलीचे आकडे सांगणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही.

जाकिटात हवा भरायची ती एका वेळी चिमूटभर. भरायची, थांबायचं, परिणाम बघायचा. तरंगण्याचा बराचसा तोल फुप्फुसांनीच सांभाळता येतो: खोल श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. पाण्याखाली श्वास मात्र कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगत असते, आणि तिला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटू शकतं.

आता गोड्या, थंड पाण्याची एक खास खोडी. टाकीतली हवा फार मोठ्या दाबावरून एकदम कमी दाबावर येते तेव्हा कमालीची गार होते. भोवतालचं पाणीही दहा अंशांच्या खाली असेल, तर रेग्युलेटरमध्ये बर्फ धरू शकतो. खारं पाणी शून्याच्याही खाली, उणे दोन अंशांच्या आसपास गोठतं. गोडं पाणी शून्यालाच गोठतं, म्हणून हा धोका इथे अधिक. बर्फाने झडप उघडीच अडकली की हवा धो-धो वाहू लागते. आवाज मोठा, बुडबुड्यांनी समोरचं काही दिसत नाही, आणि टाकी काही मिनिटांत रिकामी. यावर उपाय शिकवलेले असतात: रेग्युलेटर घट्ट न चावता ओठांच्या कडेने वाहती हवा घ्यायची किंवा जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर जायचं, आणि दोघांनी मिळून शांतपणे वर यायचं. तो प्रसंग येऊच नये म्हणून पाळायच्या गोष्टी साध्या आहेत. थंडीत पाण्याबाहेर काठावर उभं राहून रेग्युलेटरमधून उगाच श्वास घेत बसायचं नाही, कारण आपल्या श्वासातली वाफ आत जमते. आणि श्वास ओढत असतानाच जाकिटात हवा भरायची नाही, म्हणजे एकाच वेळी फार हवा खेचली जात नाही. उपकरणंही थंड पाण्यासाठी बनवलेलीच घ्यावीत.

दिसण्याबद्दल बोलायचं तर अपेक्षा कमीच ठेवाव्यात. पाण्यात शेवाळ असतं, म्हणून सगळं हिरवं. लाल रंग तर काही मीटरांतच मावळतो. सकाळी लवकर उतरलं तर बऱ्यापैकी दिसतं. दुपारपर्यंत शिकाऊ मंडळींनी फिन्स आपटून तळाचा गाळ उठवलेला असतो, आणि पसरलेल्या हाताची बोटंही धूसर होतात. दगडाची ती बारीक भुकटी बसायला फार वेळ घेते. म्हणून बेडकासारखे पाय बाजूला मारायला शिकवतात, त्याने पाण्याचा झोत खाली न जाता मागे जातो. जोडीदार हातभर अंतरात हवा, आणि दिवसाही टॉर्च हवाच.

तरी बघायला काहीच नाही असं नाही. डायव्हरांना खूण म्हणून आणि सरावासाठी अशा खाणींमध्ये मुद्दाम वस्तू बुडवतात. स्टोनी कोव्हमध्ये विमानाची केबिन आहे, आणि स्टेनगार्थ नावाची वाफेवर चालणारी जुनी टग आहे. १९१० साली बांधलेली ही बोट २००० साली तिथे तळाला नेली. मासे रंगीबेरंगी नसतात, पण अंगावर पट्टे असलेले पर्च थव्याने येतात. एखादा लांबुडका पाइक सावलीत इतका निश्चल असतो की तो मासा आहे हे जवळ गेल्यावरच कळतं. स्टेनगार्थचा मोह नवख्याने मात्र आवरावा. ती वीस मीटरांच्या पलीकडे टेकलेली आहे, आणि पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा पाडीसारख्या संस्थेत १८ मीटर, ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबमध्ये २० मीटर. टाकीत हवा उरली असली तरी ही मर्यादा ताणायची नाही.

परतीची वेळ ठरवायची ती टाकीच्या दाबमापकाच्या काट्यावरून, मनावरून नाही. पृष्ठभागावर पोचताना टाकीत ५० बार शिल्लक राहतील असा बेत धरतात. वर यायचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरांपेक्षा जास्त नको, आणि पाच मीटरांवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघून जातो. अंगठा वर दाखवला की त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. आपल्या सवयीने ‘छान चाललंय’ म्हणून अंगठा दाखवला, तर जोडीदार तुम्हाला घेऊन वर निघेल. थरथर सुरू झाली, बोटं वळेनाशी झाली, तर हा अंगठा लगेच दाखवावा. कारण विचारायचं नाही आणि द्यायचंही नाही, असा तिथला शिरस्ता आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळं देखरेखीखालच्या खाणीबद्दल चाललं आहे. आपल्याकडे शहरांच्या कडेला काळ्या पाषाणाच्या सोडून दिलेल्या खाणी पावसाळ्यात भरतात आणि मुलं त्यांत पोहायला जातात. तिथे काठ उभे तासलेले असतात, बाहेर यायला पायरी नसते, पाण्याखाली काय पडलं आहे ते कुणाला माहीत नसतं, आणि दोन पावलांवर खोली एकदम वाढते. विहिरीत पोहायला शिकलेला तरबेज पोहणाराही तिथे अडकतो. ब्रिटनमध्येही राखण नसलेल्या खाणींत उन्हाळ्यात तरुण बुडतात, आणि तिथे थंडीचा धक्का हे एक मोठं कारण असतं. नुसती टाकी पाठीवर घेतल्याने अशी जागा सुरक्षित होत नाही.

बुडी संपल्यावर गरम चहा आणि कोरडे कपडे आधी, गप्पा मग. एकच बुडी झाली असेल तर किमान १२ तास, आणि अनेक झाल्या असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही. सुटीला भारतात यायची तिकिटं काढताना हे लक्षात ठेवावं लागतं. मीठ नाही म्हणून सामान धुवायची गरज नाही, असं नवख्यांना वाटतं, पण गोड्या पाण्यात उतरणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये तपासा, धुवा, वाळवा, अशी एक मोहीम चालते. ओल्या सूटच्या घड्यांत शिंपल्यांची पिल्लं, झिंग्यांना मारणाऱ्या बुरशीचे बीजाणू, पाणवनस्पतींचे तुकडे कित्येक दिवस जिवंत राहतात आणि पुढच्या तळ्यात उतरतात. अमेरिकेतून आणलेल्या मोठ्या झिंग्यांबरोबर ही बुरशी आली आणि ब्रिटनमधल्या मूळच्या पांढऱ्या नांग्यांच्या झिंग्यांचा पुष्कळ ठिकाणी नायनाट झाला. म्हणून खाणीतून घरी आलं की जाकीट उलटं टांगून आतलं पाणी काढायचं, बूट आणि हातमोजे उलटे करायचे, आणि सगळं पूर्ण सुकेपर्यंत दुसऱ्या पाण्यात न्यायचं नाही. इंग्लंडच्या दमट हवेत जाड वेटसूट सुकायला कधी कधी आठवड्यातले बरेच दिवस जातात.