छातीतील जळजळ आणि औषधाची निवड

जेवणानंतर छातीत जळजळू लागले, घशाशी आंबट पाणी आले, की शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मागवावयाची, ही रीत घरोघरी आढळते. पण श्रोतेहो, एकच जळजळ दोन माणसांना निरनिराळे औषध मागते.

जठरातील आम्ल पचनास आवश्यकच आहे. अन्ननलिका जठरास मिळते तेथील स्नायूंची कडी सैल पडली, म्हणजे ते वर चढते आणि नलिकेचे नाजूक अस्तर भाजून काढते. नेहमीच्या गोळ्या ती कडी घट्ट करीत नाहीत. त्या आम्लाचा जोर तेवढा ओसरवितात.

म्हणून डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. घास अडकतो काय? वजन उतरले काय? शौचास काळे होते काय? तसे असेल, तर दुर्बिणीतून तपासणी आधी. छातीत दाब येऊन घाम सुटत असेल, तर तो हृदयविकारही असू शकतो; तेथे जळजळीची गोळी घेऊन वाट पाहणे प्राणावर बेतते.

त्रास क्वचित असेल, तर मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमयुक्त औषधे पुरतात. ती त्वरित आम्ल मारतात. पण गुण फार वेळ टिकत नाही, आणि मूत्रपिंडे दुबळी असल्यास ती जपूनच द्यावी लागतात. दुसरा वर्ग आम्लनिर्मितीचा संदेश अडविणारा. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन १९७६ साली ब्रिटनमध्ये आले. आज फॅमोटिडीन अधिक वापरतात. तिसरा वर्ग सर्वांत प्रभावी. १९८८ मध्ये आलेले ओमेप्राझोल पेशींतील आम्लाचे पंपच बंद करते. हे पंप अन्न येताच कामास लागतात. म्हणून ही गोळी जेवणापूर्वी अर्धा-एक तास घ्यावयाची. अस्तरास इजा झाली असेल, तर बहुधा आठ आठवडे ती देतात.

तरीही प्रभावी औषध सर्वांनाच योग्य असे नव्हे. हृदयरोग्यास क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ओमेप्राझोल त्याचा गुण कमी करते. तेथे बहुधा पँटोप्राझोल निवडतात. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम उणावण्याचा संभव असतो. एकाएकी सोडल्यास आम्ल उसळते आणि रोग्यास रोगच परतल्यासारखे वाटते. म्हणून मात्रा अनेकदा हळूहळू उतरवितात; काहींना मात्र ती चालूच ठेवावी लागते.

तेव्हा औषध कोणते, याबरोबरच ते किती दिवस घ्यावयाचे, हेही रोग्याने डॉक्टरांना विचारावे. चालू असलेली प्रत्येक गोळी त्यांना दाखवावी. योग्य निवड त्यावरच अवलंबून असते.