पट्ट्यांचा तक्ता आणि टेकूंचे दिवस



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे पाठवले तेव्हा मी मजुरीचे दर, संप किंवा कामगार कायदे यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो बांधकामाच्या वेळापत्रकाचा. चिटणिसांनी भीतभीतच विचारले, "लोक कंटाळणार तर नाहीत ना?" मी म्हटले, समोर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात एकदा तरी घर बांधले असेल, नाहीतर फ्लॅटचे पैसे भरून ताब्याची वाट पाहिली असेल. 'येत्या पाडव्याला किल्ली देतो' हे वाक्य ज्याने तीन पाडवे ऐकले, तो या विषयाला कंटाळायचा नाही.

मी इंजिनियर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, सोळाव्या वर्षी डोक्यावर घमेले घेतले, पुढे मुकादमी केली आणि गेली पंचवीस वर्षे बांधकाम मजुरांच्या संघटनेचे काम करीत आहे. हा तक्ता मी वयाच्या तिशीत शिकलो. का शिकलो, ते ओघाने येईलच.

आधी तक्ता म्हणजे काय ते पाहू. चौकटीचा कागद घ्यावा. डाव्या बाजूला वरून खाली कामांची नावे लिहावी. पायाची खोदाई, पायाचे काँक्रीट, जोते, भिंती, सेंटरिंग, सळई बांधणे, स्लॅब टाकणे, गिलावा, फरशी, रंग. वरच्या बाजूला आडवे आठवडे मांडावे. मग प्रत्येक कामापुढे, ते ज्या आठवड्यात सुरू होऊन ज्या आठवड्यात संपायचे असेल, तेवढी आडवी पट्टी ओढावी. झाला तक्ता. साइटवर त्याला बार चार्ट म्हणतात, पुस्तकांत गँट चार्ट म्हणतात. काम पुढे सरकेल तसतशी ती पट्टी रंगवीत जायची. मग आजच्या तारखेवर, गवंडी ओळंबा सोडतो तशी, वरून खाली एक उभी दोरी धरायची. दोरीच्या डावीकडे जी पट्टी कोरी राहिली असेल ते काम मागे पडले. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हे दिसते. आमच्या संघटनेच्या वर्गात सही न येणाऱ्या बायाही हा तक्ता दोन संध्याकाळींत वाचू लागल्या आहेत.

काळ रेघेने दाखवावा ही कल्पना जुनी आहे. जोसेफ प्रीस्टले या इंग्रज विद्वानाने १७६५ साली थोर पुरुषांच्या आयुष्यांचा एक तक्ता छापला, त्यात प्रत्येकाचे आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ होती. पोलंडचा इंजिनियर कारोल अदामिएत्स्की याने १८९६ च्या सुमारास कारखान्यातील कामांची सांगड दाखवणारा तक्ता तयार केला. परंतु जगभर नाव झाले ते हेन्री लॉरेन्स गँट या अमेरिकन माणसाचे. जन्म १८६१, मृत्यू १९१९. मी मजूर चळवळीतला माणूस, तेव्हा या गँटविषयी मला जरा सविस्तर बोलू द्या.

गँट हा फ्रेडरिक टेलरचा सहकारी. टेलर म्हणजे मजुराच्या प्रत्येक हालचालीवर घड्याळ लावणारा गृहस्थ. मजुरांनी त्याच्या नावाने बोटे मोडली ती उगीच नव्हे. टेलरच्या पद्धतीत ठरलेले काम पुरे झाले नाही तर मजुराचा दरच उतरत असे. गँटने १९०१ मध्ये बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात निराळी रीत सुरू केली. काम पुरे झाले तर बोनस, न झाले तरी दिवसाचा रोज कायम. आणि विशेष असे की, हाताखालच्या जितक्या मजुरांना बोनस मिळेल तितका फोरमनलाही मिळे, म्हणजे मजुराला शिकवण्यात फोरमनचाही फायदा. पुढे १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा दारूगोळ्याच्या आणि जहाजबांधणीच्या कामांवर त्याचे तक्ते वापरात आले. वॉलेस क्लार्क या त्याच्या सहकाऱ्याने १९२२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. हेच तक्ते सोव्हिएट रशियाने पंचवार्षिक योजनेत वापरले. ही गोष्ट आमच्या काही जुन्या सहकाऱ्यांना सांगितली की ते चमकतात.

क्लार्कच्या पुस्तकातली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. मजुराचे काम ठरल्यापेक्षा कमी भरले की कोऱ्या जागेत एक अक्षर लिहायचे. मजूर गैरहजर होता त्याचे एक अक्षर, मजूर मंद होता त्याचे एक. पण माल आला नाही, हत्यार मिळाले नाही, यंत्र बिघडले, हाताखाली माणूस दिला नाही, नीट सांगितलेच नाही, यांचीही अक्षरे होती. म्हणजे काम का अडले याचा हिशेब, आणि त्या हिशेबात मालकाच्या बाजूच्या चुकांचे रकाने जास्त! आमच्याकडे तक्ता आला, पट्ट्या आल्या, ती अक्षरे मात्र वाटेत कुठेतरी गळाली. कोणत्याही साइटवर विचारा, काम का मागे पडले? उत्तर एकच, 'लेबर नाही'. वाळू दहा दिवस आली नव्हती याची नोंद कुठेही सापडायची नाही.

पट्ट्यांच्या तक्त्यात एक उणीव आहे, ती इंजिनियर मंडळींना ठाऊक आहे. कोणते काम कोणावर अवलंबून आहे हे त्यात दिसत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉकर आणि रेमिंग्टन रँडमध्ये केली यांनी मिळून, कामांच्या साखळीतली सर्वांत लांब वाट शोधण्याची रीत बसवली. त्या वाटेवरचे एक काम एक दिवस हुकले की सगळे घर एक दिवस हुकते. आता हे संगणक करतो. तो फार बारीक विषय आहे, त्यात मी शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका पट्टीविषयी, जिच्यापुढे एकही माणूस नसतो अशा पट्टीविषयी.

स्लॅब टाकला की काँक्रीट आळते, पण भार पेलण्याइतके बळ त्यात हळूहळू येते. त्या बळाची नेहमीची चाचणी अठ्ठावीस दिवसांची असते. तोवर स्लॅब खालच्या टेकूंवर उभा असतो, आणि वरून पाणी मारायचे असते. काँक्रीटचे भारतीय मानक ४५६, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठी हे दिवस लिहून दिले आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे चौदा, त्याहून लांब तुळईखालचे एकवीस. पाणी किमान सात दिवस, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत दहा. थंडी फार असेल किंवा सिमेंट निराळे असेल तर हे दिवस वाढतात. आता तक्ता पाहणाऱ्याला काय दिसते? चौदा चौकोनांची एक पट्टी, जिच्यात कोणी राबत नाही, कोणाला मजुरी द्यावी लागत नाही, आणि काम तर अडलेले! काम उशिरात चालले असले की पेन्सिल प्रथम इथेच येते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका इमारतीवर मुकादम होतो. तिथे तळमजल्यावर अठरा फुटी गाळ्याचा एक हॉल होता. सळई अकरा दिवस उशिरा आली. मालकाने वास्तुशांतीचा मुहूर्त ठरवून पत्रिका छापल्या होत्या. साइटच्या ऑफिसात भिंतीवर तक्ता होता, तो मी रोज पाहत होतो आणि मला त्यातले काही कळत नव्हते. एके दिवशी जुना कागद काढून नवा लावला गेला. त्यात ती चौदा चौकोनांची पट्टी आठ चौकोनांची झाली होती. नवव्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, "मुकादम, सेंटरिंग खोलायला सहा माणसे द्या, अर्धा रोज जादा." मी दिली. जादा रोज मिळतो म्हणून माझ्याच गावाकडची दिली. अर्धे टेकू निघाले आणि हॉलचा एक कोपरा खाली आला. पाच जण उड्या मारून सुटले. सहाव्याचे कंबरडे मोडले. तो जगला, पण पुन्हा पायांवर उभा राहिला नाही.

चौकशीत मला विचारण्यात आले, टेकू काढायला माणसे कोणी दिली? मी म्हटले, मी दिली. आणि ते खरेच होते. कागद कोणी बदलला, हे कोणी विचारले नाही. मलाही ते सांगता आले नाही. जुन्या कागदात चौदा होते आणि नव्यात आठ, एवढी मोजदाद करण्याचे ज्ञान मला असते तर मी त्या सकाळी निदान 'का?' एवढे तरी विचारले असते. त्यानंतर एका निवृत्त ओव्हरसियरांकडे संध्याकाळी जाऊन मी तक्ता शिकलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. प्रत्येक वेळी भाजी मात्र आणायला लावीत.

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २ मार्च १९७३ रोजी एक उंच इमारत बांधली जात असताना वरच्या मजल्यांचे टेकू वेळेआधी काढले गेले. माळ्यावर माळा कोसळत खाली आला आणि चौदा मजूर गेले. वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड येथे वीजकेंद्राचा थंडावणी मनोरा बांधीत होते. रोज पाच फूट उंचीचा एक थर टाकायचा, आणि परांचीचा भार आदल्या थरांवर घ्यायचा अशी रीत होती. २७ एप्रिल १९७८ रोजी सकाळी नवा थर टाकताना आदल्या दिवशीचे काँक्रीट फाटले. रात्र थंड गेली होती, त्यात पुरेसे बळ आलेच नव्हते. परांची मनोऱ्यापासून सुटत गेली आणि तिच्यावरचे एक्कावन्न मजूर खाली आले. एक्कावन्नच्या एक्कावन्न मेले. तक्त्यावर प्रत्येक थराला एक दिवस होता. रात्र किती थंड पडेल याला तक्त्यात रकाना नव्हता.

आता काही श्रोते मनात म्हणत असतील की ही मालक आणि मजूर यांची बाब झाली, आमचा काय संबंध? राग मानू नका, पण संबंध आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने प्रकल्प पुरा करण्याची तारीख नोंदवणे बिल्डरवर बंधनकारक केले. उत्तम झाले, ग्राहकाची फसवणूक मीही पाहिली आहे. परंतु त्या तारखेने तक्त्याचे फक्त शेवटचे टोक बांधले गेले. सुरुवातीला परवाना उशिरा येतो, मग पाऊस, मग वाळू. टोक हलत नाही, मग मधले सगळे चेपले जाते. सर्वांत जास्त चेपले जातात ते शेवटचे लोक, म्हणजे गिलावेवाले, फरशीवाले, प्लंबर आणि रंगारी. पंधरा दिवसांचे काम सहा दिवसांत, रात्रीच्या दिव्यावर, सगळे एकमेकांच्या पायांत. ओल्या गिलाव्यावर रंग बसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघाले की आपण रंगाऱ्याला शिव्या घालतो. आपण साइट पाहायला जाता तेव्हा फरशीचा नमुना विचारता, नळाची कंपनी विचारता. एकदा तक्ता दाखवा म्हणून विचारून पाहा, आणि टेकूंची पट्टी किती चौकोनांची आहे ते मोजा. घर शेवटी तुमच्याच डोक्यावर राहणार आहे.

तक्त्याचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक पट्टीवर त्या कामाची माणसे लिहायची आणि आठवड्या-आठवड्याची खाली बेरीज करायची. समजा सेंटरिंगवर आठ, सळईवर सहा, खालच्या मजल्यावर गवंडी पाच, त्यांच्या हाताखाली दहा. झाली एकोणतीस माणसे. बायकामुले धरून पत्र्याच्या शेडमध्ये पन्नासेक जीव. त्यांना पाणी किती, संडास किती, हे दोन महिने आधी कागदावर दिसते. 'एवढी माणसे येतील असे वाटले नव्हते' ही सबब मग उरत नाही. त्याच बेरजेत सणवारही धरता येतात. अक्षय्यतृतीयेच्या पुढेमागे लग्ने असतात, मृगाला पेरणी असते, बिहारच्या लोकांना छठला घरी जायचे असते. हे दरवर्षी येते, पंचांगात छापलेले असते, तरी दरवर्षी तक्ता करणाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटते.

सध्या आमच्या गावाच्या पुलापलीकडे एका मोठ्या कामावर आमची बोलणी चालू आहेत. आम्ही तीन गोष्टी मागितल्या. तक्ता ऑफिसात न ठेवता फाटकापाशी लावावा, मराठीत आणि हिंदीत. काम अडले तर का अडले याचे अक्षर त्यावर रोज लिहावे. आणि टेकूंच्या व पाण्याच्या पट्ट्या तांबड्या रंगात काढाव्या, त्या कमी करायच्या तर इंजिनियरने त्याच कागदावर तारीख घालून सही करावी. पहिली मागणी ठेकेदाराने लगेच मान्य केली. दुसरीवर, 'माल' हे अक्षर रोज लिहावे लागेल म्हणून तो हसला, पण हो म्हणाला. तिसरीवर तो म्हणतो, सही कशाला, आमच्या शब्दावर विश्वास नाही का? सोमवारी पुन्हा बसायचे आहे. आमच्या बाजूने बोलायला यंदा सेंटरिंगचे दोन मिस्त्री येणार आहेत. दोघांनाही तक्ता वाचता येतो.