स्पॅनिशमधून मत मांडताना



स्पॅनिश शिकायला घेतलेल्या मराठी माणसाची सुरुवात सुखाची असते. ‘मला आवडतं’, ‘मला वाटतं’ ही आपली रचना तिथे तयारच मिळते. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं. आंबे अनेक असले की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तेही ‘मे गुस्तान’ म्हणतात. ‘मला वाटतं’ला माद्रिदमध्ये ‘मे पारेथे’, मेक्सिकोत ‘मे पारेसे’. इंग्रजीच्या वळणाने जाणारे इथे अडखळतात, आपण सहज पुढे सरकतो.

अडचण येते ती नकार देताना. ‘तो येईल असं वाटतं’ आणि ‘तो येईल असं वाटत नाही’, दोन्हीकडे आपलं ‘येईल’ जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘क्रेओ के बिएने’, तो येतोय असं वाटतं. आणि वाटत नसेल तर ‘नो क्रेओ के बेंगा’. ‘बिएने’चं ‘बेंगा’ झालं. या रूपांना ‘सुबखुंतिवो’ म्हणतात, आणि भल्याभल्यांची दांडी इथेच उडते.

वर्गात बहुधा सांगतात, शंका असेल तिथे हे रूप वापरा. मला हा नियम अपुरा वाटतो. मैत्रीण दारात उभी आहे आणि तुम्ही म्हणता, ‘तू इथे आहेस याचा आनंद आहे’. यात शंका कसली? तरीही ‘आहेस’साठीच्या ‘एस्तास’चं ‘एस्तेस’ होतं. कारण ती आल्याची बातमी तुम्ही देत नाही, त्या येण्यावर आपला अभिप्राय देता. ‘हे खरं आहे की’ म्हटलं की पुढे साधं रूप. ‘बरं झालं की’, ‘वाईट आहे की’ म्हटलं की सुबखुंतिवो. माहिती कुठे संपली आणि शेरा कुठे सुरू झाला, ते क्रियापदच सांगतं. आपल्या वृत्तवाहिन्यांना अशी सोय असती तर!

मत मांडण्याची ही कसोटी परीक्षेतही लागते. स्पॅनिशच्या प्रसारासाठी स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेल्या ‘इन्स्तितुतो सेर्वान्तेस’ची शाखा दिल्लीतही आहे. या संस्थेच्या ‘डेले’ या स्पॅनिशच्या परीक्षेत, बी-टू पातळीच्या तोंडी भागात, एक प्रश्न मांडून त्यावरचे काही उपाय समोर ठेवतात. कोणता पटतो, कोणता नाही आणि का, ते बोलायचं. नुसतं ‘छान आहे’ म्हणून तिथे सुटका नाही.

सरावाला मात्र मोठे विषय नकोत. स्पेनमध्ये अंडी-बटाट्याच्या तोर्तियात कांदा घालावा की नाही, यावर देशभर हिरिरीने वाद चालतो. दोन्ही पक्षांना नावंसुद्धा आहेत, ‘कोनथेबोयिस्तास’ आणि ‘सिनथेबोयिस्तास’. कांदेवाले आणि बिनकांदेवाले म्हणा! जेवणं झाल्यावरही तिथली माणसं तासन्‌तास टेबलाशी गप्पा मारत बसतात. एकमेकांचं वाक्य मध्येच तोडतात आणि त्याचा राग कुणी धरत नाही. अशा बैठकीत बेधडक म्हणा, ‘नो क्रेओ के नेथेसिते थेबोया’, कांद्याची गरज आहे असं मला वाटत नाही. ‘नेथेसिता’ नव्हे, ‘नेथेसिते’. व्याकरण बरोबर आलं म्हणून कांदेवाले गप्प बसतील, अशी आशा मात्र ठेवू नका.