शाबासकी पुरेशी नाही



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण प्राणांना मुकले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतो. पण अशा कामावरून जो परत येतो, तो धडधाकटच असणार असं आपण धरून चालतो. मला आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

डोंगरावरची इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, जेसीबी पोचणार नव्हता. जवान पावसात डोंगर चढले आणि कुदळ-फावड्यांनी चिखल उपसत राहिले. २७ मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबला, तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. ‘आणखी एक दिवस खणलं असतं तर?’ असा प्रश्न बचाव करणाऱ्याबरोबर घरापर्यंत येऊ शकतो. मग झोप उडते, बायकामुलांवर चिडचिड होते, कुणी बाटली जवळ करतो. आघातानंतरच्या या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत १९८० साली स्थान मिळालं. २०१३च्या आवृत्तीत तर मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांचं उदाहरणच दिलं आहे. हा भित्रेपणा नव्हे. कामात झालेली इजा आहे.

उपाय विचारला की आपण लगेच म्हणतो, “बोल, मन मोकळं कर.” जेफ्री मिचेल या अमेरिकन तज्ज्ञाने १९८३ साली त्याची पद्धतच बसवली: घटनेनंतर लवकरात लवकर पथकाला एकत्र बसवायचं आणि ज्याने जे पाहिलं ते त्याला सांगायला लावायचं. ती जगभर पसरली. पुढे एकाच बैठकीच्या अशा उपचाराची कसून तपासणी झाली, बहुतांशी अपघातात सापडलेल्या व्यक्तींवर. वैद्यकीय प्रयोगांच्या २००२च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं, की त्याने विकार टळत नाही. एका प्रयोगात तर धोका वाढला. ताजी जखम जबरदस्तीने उघडू नये, हे मनालाही लागू आहे.

ब्रिटनच्या रॉयल मरीन्स या सैन्यदलाने वेगळी वाट धरली. तिथे पथकातलाच प्रशिक्षित सहकारी घटनेनंतर तीन दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने विचारपूस करतो. तो उपचार करत नाही. कुणाला तज्ज्ञाची गरज आहे, एवढंच हेरतो.

पण विचारपूस करायलाही माणूस जागेवर आणि शुद्धीवर हवा. सलग बारा तास उभं राहिलेल्याला, मग तो अग्निशमन जवान असो की पोलीस, समुपदेशनाआधी झोप हवी असते. म्हणून २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा जो प्रयोग झाला, तो मला मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम वाटतो. त्याची योजना एका शिपायाने मांडली होती, हे विशेष.

दुसरी अडचण भीतीची. ‘साहेबांना कळलं तर? बढती अडली तर?’ २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो ठाण्याच्या आणि फायर स्टेशनच्या भिंतीवर लिहिलेला दिसला पाहिजे. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांकही त्याच्याशेजारी.

आणि आपण काय करायचं? अंदाजपत्रक आलं की नवे बंब किती, हे आपण विचारतो. यापुढे नगरसेवकाला आणखी तीन प्रश्न विचारा: जवानांची किती पदं रिक्त आहेत, साप्ताहिक सुट्टी खरोखर मिळते का, आणि मोठ्या दुर्घटनेनंतर महिन्याने त्यांची विचारपूस कोण करतं?